बंड, उठाव आणि पडलेलं सरकार

प्रश्न असा आहे: जून-जुलै २०२२ची वर्तमानपत्रं चाळताना एकाच घटनेला (एकनाथ शिंदे आमदार घेऊन उद्धव ठाकरे यांच्यापासून वेगळे झाले आणि ठाकरे यांचं सरकार गेलं, त्या घटनेला) कुठे 'बंड', कुठे 'उठाव', कुठे 'गद्दारी' म्हटलेलं दिसतं. सरकारही कुठे 'पडलं', कुठे 'पाडलं', कुठे 'कोसळलं'. हे समानार्थी शब्द मानायचे का?

कोशापुरते बऱ्याच अंशी हो. मथळ्यात अजिबात नाही.

आधी 'बंड'. बंड कुणाविरुद्ध तरी होतं, म्हणजे ज्याच्याविरुद्ध झालं त्याची सत्ता लिहिणाऱ्याने आधीच गृहीत धरलेली असते. उमाजी नाईकांना १८३२ साली पुण्यात फाशी देणाऱ्या इंग्रजांच्या लेखी ते बंड. आपण त्याला उठाव म्हणतो. एकनाथ शिंदे यांच्याबरोबर सुरतमार्गे गुवाहाटीला गेलेल्यांपैकी काही जण 'बंड नव्हे, उठाव' असं आवर्जून सांगत होते ते उगाच नाही. समोरची बाजू 'गद्दार'वर ठाम होती. 'सामना'ने तर 'शिंदे'चं 'मिंधे' करून टाकलं. मिंधा म्हणजे उपकाराच्या ओझ्याखाली मान न उचलता येणारा. दोन अक्षरं बदलली आणि अख्खा अग्रलेख उरकला! पटो न पटो, कारागिरी म्हणून दाद द्यावीच लागते.

बाकीच्यांनी 'बंड' उचललं त्याला माझ्या मते पक्षपातापेक्षा जागा कारणीभूत. दोन अक्षरं, कितीही मोठ्या टायपात बसतात, आणि भांडणाचा वासही येतो. शिवाय शब्द हाताशी असलेला. तिकीट नाकारलं की बंडखोर, अर्ज मागे घेतला की 'बंडोबांचे थंडोबा', हे दर निवडणुकीत छापून छापून गुळगुळीत झालंय. (उठावाचं दुसरं घर बाजारभावाच्या पानावर. तिथे 'कांद्याला उठाव नाही' म्हणजे गिऱ्हाईक नाही.)

पण खरी गंमत नामांत नाही, क्रियापदांत आहे. मराठीत पडणे-पाडणे, फुटणे-फोडणे, तुटणे-तोडणे अशा जोड्या आहेत. पहिल्या रूपात गोष्ट आपोआप घडते, दुसऱ्यात कुणाचा तरी हात असतो. मी रचलेले हे दोन मथळे पाहा:

शिवसेनेत फूट पडली
शिवसेना फोडली

दोन्ही खरे असू शकतात. पहिल्यात दोष असलाच तर शिवसेनेचा. दुसऱ्यात करणाऱ्याचं नाव दिलेलं नाही, पण वाचक ते स्वतःच भरतो, आणि बहुतेक वेळा पेपरच्या मनातलंच नाव भरतो. 'सरकार पाडलं' हेही त्याच जातीचं. 'कोसळलं' आणखी वेगळं: पावसाळ्यात जुनी भिंत कोसळते तसं, आतूनच पोकळ होतं असं सुचवणारं. ज्या वाचकाला ते सरकार मुळात नकोच होतं, त्याला हा शब्द गोड लागतो.

काटेकोर बोलायचं तर त्या वेळी सरकार सभागृहात पडलंच नव्हतं. २९ जून २०२२ला उद्धव ठाकरे यांनी बहुमत चाचणीआधीच राजीनामा दिला. ११ मे २०२३च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जुनं सरकार परत आणायला नकार दिला, तो याच कारणाने: चाचणीला सामोरं न जाता राजीनामा दिला होता. म्हणजे 'सरकार पडलं' आणि 'राजीनामा दिला' यांत न्यायालयापुरता तरी जमीन-अस्मानाचा फरक. मथळ्यांत दोन्ही सर्रास एकमेकांच्या जागी आले.

'गट' या शब्दाचंही तेच. 'शिंदे गट' लिहिलं की मूळ पक्ष दुसरीकडे आहे असं आपोआप ठरतं; 'ठाकरे गट' लिहिलं की उलट. फेब्रुवारी २०२३मध्ये निवडणूक आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण शिंदे यांच्याकडे दिल्यावर अनेक पेपरांतला 'गट' इकडून तिकडे गेला. काहींनी दोघांनाही गट म्हणून हात झटकले.

हे सगळं २०२२चंच आहे असंही नाही. १९७८ साली शरद पवार वसंतदादा पाटलांच्या सरकारमधून बाहेर पडून मुख्यमंत्री झाले. ती घटना कुणी 'पुलोदचा प्रयोग' (पुलोद म्हणजे पुरोगामी लोकशाही दल, पवारांची तेव्हाची आघाडी) म्हणून लिहितं, कुणी 'पाठीत खुपसलेला खंजीर' म्हणून. पुढचा परिच्छेद न वाचताही लेखक कुठे बसलाय ते कळतं.