मिनेसोटाच्या तळ्यांत बोट नसताना, किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यात वॉलआय मासा कसा पकडावा?

बोट नसल्याने फारसे अडत नाही, मात्र वेळ अचूक साधावी लागते. वॉलआयच्या डोळ्यांत प्रकाश परावर्तित करणारा थर असल्यामुळे त्याला अंधुक उजेडात भक्ष्य उत्तम दिसते, आणि म्हणूनच दिवसा बहुधा खोल पाण्यात राहणारा हा मासा सूर्यास्तानंतर लहान मासळीच्या मागे अगदी एक-दोन मीटर खोलीपर्यंत येतो. सूर्यास्ताच्या आसपासचे दोन तास मी कधीही चुकवणार नाही.

जागा निवडताना वारा ज्या किनाऱ्यावर येऊन आदळतो तोच किनारा धरावा, कारण लाटांमुळे पाणी गढूळ होते, उजेड कमी होतो आणि लहान मासळी तिकडे लोटली जाते. खडकाळ टोके आणि ओढ्यांची मुखे विशेष चांगली. मे महिन्यात हंगाम सुरू होतो, तेव्हा अंडी घालून झालेले मासे अशाच ठिकाणी रेंगाळलेले असतात.

सुमारे ३.५ ग्रॅमच्या जिगला (वजनदार डोक्याच्या गळाला) जिवंत मिनो (आमिषाची लहान मासळी) लावून ती तळाशी हळूहळू ओढावी; पाणी तापल्यावर बॉबरखाली (दोरीला बांधलेल्या तरंगत्या गोळ्याखाली) आमिष म्हणून जळू लावणे अधिक फलदायी ठरते. शरद ऋतूतील रात्री मात्र लांबट, माशाच्या आकाराचे कृत्रिम आमिष संथपणे, मध्येमध्ये थांबवत ओढावे. पाण्यावर दिव्याचा झोत टाकू नये आणि पाण्यात उतरण्यापूर्वी पायाजवळच्या पाण्यातच आधी गळ टाकून पाहावा, कारण मासा पुष्कळदा तिथेच असतो. परवाना आणि त्या तळ्याचे नियम आधी तपासावेत.