शाळेतल्या दिवंगत शिक्षकांची आठवण म्हणून माजी विद्यार्थ्यांनी काय करावं: स्मरणिका, कमान की पुरस्कार?

कमान नको. पुरस्कारही नको, दोन वर्षांत तो कोणाला द्यायचा यावरून भांडणं लागतात. राहिली स्मरणिका. माझं कुडाळ तालुक्यात झेरॉक्स-डीटीपीचं दुकान आहे आणि आमच्या गुरुजींची स्मरणिका माझ्याच कॉम्प्युटरवर जुळली, त्यामुळे तिच्यात काय होतं ते पानापानानं ठाऊक आहे. आधी पुढाऱ्यांचे शुभसंदेश, मग अध्यक्षांचं मनोगत, मग सराफ आणि हार्डवेअरवाल्यांच्या 'भावपूर्ण श्रद्धांजली'च्या जाहिराती. गुरुजींचा फोटो ग्रुप फोटोतून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात तसाच. तो काढायला एक दिवस मागितला, तर म्हणाले प्रकाशनाची तारीख ठरली आहे.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवायचे, पेटी वाजवायचे आणि जत्रा सुरू झाल्या की रात्र रात्र दशावतार, म्हणजे आमच्याकडची देवळातली लोकनाट्यं, बघायचे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते हे इकडच्यांना सांगायला नको. कथानक ठरतं, कामं वाटली जातात, बाकी सगळं आयत्या वेळी. एखाद्या राजाचं भाषण कितीही रंगलं तरी पहाटे खेळ संपून दहीकाला झाला की ते गेलं. गुरुजी ते टिपायचे. देवळाच्या खांबाला टेकून, मांडीवर वही. समासात कंपनी कुठली, देऊळ कुठलं, पेटीवर कोण. दुसऱ्या दिवशी डोळे लाल, पण वर्गात तेच भाषण वाचून दाखवायचे आणि त्यातले अलंकार आम्ही शोधायचे. घाई केली की, "आधी आयक, मगे हात वर कर." एकदा सगळा वर्ग पिंगुळीला नेला, ठाकर समाजाची चित्रकथी बघायला. एकेक चित्र समोर धरून रामायण गाताना मी पहिल्यांदा तिथे पाहिलं. गावात त्यावरून बोंब झाली. आमचे काका सगळ्यांत पुढे: "मास्तर पोरांक शिकवता काय खेळे नाचवता?"

हेच काका पुढे स्मारक समितीचे अध्यक्ष.

गुरुजी गेल्यावर वह्यांची ट्रंक निघाली. मी म्हटलं, जमलेल्या पैशांत या छापूया. काका म्हणाले, "त्यो वह्यो कोण वाचतलो? कमानीवरचा नाव लोक येता-जाता वाचतले तरी." कमान झाली, स्मरणिकाही झाली, वह्या ट्रंकेतच. शेवटी गुरुजींच्या पत्नीने त्या माझ्याकडे दिल्या. तळाच्या वाळवीनं खाल्लेल्या. शाईपेनानं लिहिलेली पानं दमटपणानं फुटलीत, बॉलपेनचं अजून लख्ख वाचता येतं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी स्कॅन करत बसतो.

काका, आता ऐका: कवी केशवसुत मालगुंडचे, पेशाने मास्तर. १९०५ मध्ये हुबळीला प्लेगने गेले तेव्हा त्यांच्या नावावर एकही संग्रह नव्हता. कादंबरीकार हरि नारायण आपट्यांनी त्यांच्या कविता १९१७ मध्ये छापल्या. आधी कविता हातात आल्या, मालगुंडचं स्मारक खूप नंतरचं. आणि पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांनी चित्रकथीचं संग्रहालय कुठे थाटलं? घरच्या गोठ्यात. २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली ती ही कला राखली म्हणून. कमान कुठे आली यात?

तर तुम्ही असं करा. सरांच्या घरी जाऊन त्यांची टिपणं, पत्रं, कॅसेटी काय आहे ते पावसाच्या आधी बघा आणि निदान मोबाइलवर फोटो तरी काढा. कॅसेट बुरशी आलेली असेल तर साफ केल्याशिवाय लावू नका, फीत अडकून तुटते. त्यांच्या सगळ्यांत जुन्या विद्यार्थ्यांना बोलतं करून रेकॉर्ड करा. छापायचं ते यातूनच छापा.

अर्थात घरच्यांना विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नका, खाजगी पत्रं तर नाहीच. आणि तुमच्या सरांनी काही लिहून ठेवलंच नसेल, तर माझं निम्मं उत्तर तुमच्या कामाचं नाही. जाहिरातींशिवाय छपाईचा खर्च निघत नाही, हे धंद्यातला माणूस म्हणून मलाही मान्य आहे. घ्या जाहिराती, पण शेवटच्या पानांवर. आणि फोटो सरांचा एकट्याचा शोधा.