डिंकाच्या पट्टीवरची ओळ

प्रश्न : मुलगा दीड वर्षापासून पुण्यात नोकरीला आहे. रोज रात्री फोन होतो, पण "जेवलास का?", "हो, तुम्ही?", "झालं आमचं" यापुढे गाडी सरकत नाही. म्हणून त्याला पत्र लिहायला बसले. 'आम्ही सर्व खुशाल आहोत' एवढं लिहिलं आणि अडकले. खुशाली तर त्याला कळतेच. मग लिहू काय? आणि तो हसेल का?
— एक आई, जुळे सोलापूर

उत्तर : ताई, हसला तर हसू द्या. तुमचं अडलंय ते 'पत्रास कारण की'पाशी. ते कारण फोनने केव्हाच नेलं. आता उरतं ते, ज्यासाठी कुणी मुद्दाम फोन करणार नाही इतकं बारीकसारीक. तेच लिहायचं.

माझे वडील अशोक चौकाकडच्या एका चादरीच्या कारखान्यात मागावर होते. 1984 साली मी कोल्हापूरला वसतिगृहात होते, तेव्हा त्यांची आंतरदेशीय पत्रं यायची. चौथीपर्यंत शिकलेला माणूस. ऱ्हस्व-दीर्घाचा पत्ता नाही. एकदा लिहिलं होतं, "आज लाइट नाही, माग बंद. कारखान्याच्या दारात बसून लिहितो. सुताचा निळा रंग बोटाला आहे, पुसला तरी जात नाही." आणि खाली कोपऱ्यात खरंच अंगठ्याचा निळा ठसा. दुसऱ्या एका पत्रात सिद्धेश्वराच्या जत्रेचं, म्हणजे आपल्या गड्ड्याचं, "गड्डा भरला. तू नाहीस म्हणून पाळण्यात बसलो नाही. आई म्हणते बरं झालं, पैसे वाचले." बातमी म्हणून यात काय आहे? काही नाही. पण होम मैदानावरचा तो पाळणा आणि त्याकडे बघत उभे असलेले वडील मला आजही दिसतात.

तेव्हा तुम्हीही खुशाली सोडा. गॅलरीतल्या तुळशीचं लिहा, शेजारच्यांशी पाण्यावरून झालेल्या कुरबुरीचं लिहा, कडक भाकरी करताना त्याच्या वाटणीच्या दोन जास्तीच्या थापल्या गेल्या तेही लिहा. बोलता तसंच लिहा. 'अनेक उत्तम आशीर्वाद' शेवटी एकदा पुरेत. उपदेश तर नकोच. तो फोनवर पुरेसा होत असणार!

पन्नास पैशांचं कार्ड अजून मिळतं, पण ते वाटेत कुणीही वाचतं. आंतरदेशीय 2.50 रुपयांना, पाकीट 5 रुपयांना. पिनकोड नीट घाला, पुण्याचा 411ने सुरू होतो. सवयीने आपला 413 लिहून बसाल. शेंगाचटणीच्या पिशवीत मात्र चिठ्ठी टाकू नका. तो आधी चटणीच काढणार. टपालानेच जाऊ द्या. उत्तराची वाट बघू नका. बहुधा फोनच येईल, पण त्या दिवशी तो "जेवलात का"च्या पुढे जाईल.

आणखी एक. वडिलांना जागा कधी पुरायची नाही, मग ते कडेने, उभं-आडवं करत डिंकाच्या पट्टीपर्यंत लिहीत जायचे. मी घाईने फाडायची. एका पत्राची शेवटची ओळ अशीच त्या पट्टीबरोबर गेली. 'आणि तुझ्यासाठी' एवढंच उरलंय. सुट्टीत घरी गेल्यावर विचारलं, तर त्यांनाही आठवेना.

तेव्हा त्या पट्टीवर काही लिहू नका.