पळण्याने शरीर ‘गंजतं’ का?

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास पळते. पळण्याने शरीरात फ्री रॅडिकल्स तयार होतात, पेशी गंजतात आणि चेहरा लवकर म्हातारा दिसतो, असं एका रीलमध्ये पाहिलं. जिममधल्या ट्रेनरने त्यावर रोज व्हिटॅमिन सी १००० मिलिग्रॅम आणि व्हिटॅमिन ई ४०० युनिट घ्यायला सांगितलंय. घेऊ का? (सांगली)

उत्तर : नको. रीलमधलं एवढंच खरं आहे, की पळताना फ्री रॅडिकल्स, म्हणजे भेटेल त्याच्याशी झटकन भिडणारे अस्थिर रेणू, तयार होतात. जोरात पळताना शरीर विश्रांतीच्या आठ-दहा पट ऑक्सिजन वापरतं आणि स्नायूंमध्ये सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड असे तापट रेणू वाढतात. १९८२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली इथल्या संशोधकांनी उंदरांना दमेपर्यंत पळवलं, तेव्हा स्नायूंत आणि यकृतात फ्री रॅडिकल्स दोन-तीन पटींनी वाढलेले दिसले. रीलवाले इथेच थांबतात.

पुढची गोष्ट अशी, की हेच रेणू पेशीला वर्दी देतात. त्या वर्दीने एनआरएफ-२ नावाचं प्रथिन पेशीकेंद्रात शिरतं, आणि या तापट रेणूंना शांत करणारी सुपरऑक्साइड डिस्म्युटेजसारखी विकरं व ग्लुटाथिओन यांचा साठा वाढायला लागतो. म्हणजे एखाद्या रविवारी उत्साहात दहा किलोमीटर पळणारीला नुसता ताण सोसावा लागतो, रोज पळणारीचा बंदोबस्त मात्र आधीच वाढलेला असतो. मोठ्या डोसच्या गोळ्या नेमकी ही वर्दी दाबतात. २००९ मध्ये जर्मनीत तरुण पुरुषांवर झालेल्या प्रयोगात डोस अगदी तुमच्या ट्रेनरने सांगितलेलाच होता. चार आठवडे व्यायाम केल्यावर गोळ्या न घेणाऱ्यांमध्ये इन्शुलिनचं काम सुधारलं, घेणाऱ्यांमध्ये नाही. २०१४ मध्ये नॉर्वेत तरुण स्त्री-पुरुषांवर ११ आठवड्यांचा प्रयोग झाला. गोळ्या घेणारे आणि न घेणारे या दोन्ही गटांत दमसास सारखाच वाढला, पण स्नायूंतली मायटोकॉन्ड्रिया (पेशीतली ऊर्जाघरं) वाढल्याच्या खुणा गोळ्या घेणाऱ्यांत दिसल्या नाहीत.

फळांबद्दल ही भीती बाळगू नका. भारतीय शिफारशीनुसार तुम्हाला दिवसाला ६५ मिलिग्रॅम व्हिटॅमिन सी पुरतं. ते अर्ध्या पेरूत मिळतं, तेही ट्रेनरला कमिशन न देता.

प्रश्न : हे सगळे प्रयोग पुरुषांवरच होतात का? आम्हा मुलींनी नेमका किती व्यायाम करायचा? (नाशिक)

उत्तर : तक्रार रास्त आहे, पण इथे एक चांगला अपवाद आहे. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने १८ ते ३० वयाच्या, पाळी नियमित असलेल्या आणि अजिबात व्यायाम न करणाऱ्या तीनशेहून अधिक तरुणींवर प्रयोग केला. अर्ध्याजणींनी १६ आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज ३० मिनिटं दम लागेल असा व्यायाम केला. बाकीच्या नेहमीसारख्या राहिल्या. रक्तात एफ-२ आयसोप्रोस्टेन मोजलं. चरबीवर ऑक्सिडेशनचा, म्हणजे या फ्री रॅडिकल्सचा, मारा झाला की हा पदार्थ तयार होतो, आणि या कामासाठी तोच सर्वांत विश्वासार्ह मानला जातो. ज्यांची पातळी सुरुवातीलाच जास्त होती त्यांच्यात ती उतरली, बाकीच्यांमध्ये विशेष फरक पडला नाही. मला यात आश्चर्य वाटत नाही. भांडं स्वच्छच असेल तर घासून आणखी किती चमकणार?

वेग ठरवण्यासाठी वयाला ०.८८ ने गुणा आणि उत्तर २०६ मधून वजा करा. २२ वर्षांच्या मुलीचे कमाल ठोके मिनिटाला साधारण १८७ येतात. पहिले चार आठवडे याच्या ६५ ते ७० टक्के, म्हणजे १२१ ते १३१ ठोक्यांवर राहा. नंतर दर चार आठवड्यांनी पाच टक्क्यांनी चढवा, वरची हद्द ८५ टक्के, म्हणजे १५९. घड्याळ नसेल तर थांबल्या थांबल्या मनगटावर १५ सेकंद नाडी मोजा: सुरुवातीला ३० ते ३३, शेवटी फार तर ४०. जास्त वेळ मोजू नका, थांबल्यावर ठोके भराभर उतरतात आणि हिशेब चुकतो.

बहुतेकींचं बिनसतं ते पहिल्याच आठवड्यात. थेट १६० वर पळतात, नाहीतर टेकडीचा उतार धावत उतरतात. उतारावर मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावतो, त्याने तंतूंना बारीक इजा होते आणि दुखणं २४ ते ७२ तासांनी शिगेला पोहोचतं. तिसऱ्या दिवशी जिना उतरवत नाही, मग पंधरा दिवस सुट्टी. वर सांगितलेला बंदोबस्त अशा सुट्ट्यांनी उभाच राहत नाही.

प्रश्न : लॅबमध्ये ‘ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस प्रोफाइल’ (फ्री रॅडिकल्सच्या माऱ्याची रक्ततपासणी) मिळतं. करावं का? (ठाणे)

उत्तर : पैसे वाचवा. रक्त काढल्यावर नमुना तातडीने उणे ७० अंशांखाली गोठवला नाही, तर नळीतच ऑक्सिडेशन चालू राहतं आणि आकडा फुगतो. शिवाय बरा आकडा आला काय नि वाईट आला काय, उपचार ठरवता येतील अशा मान्य मर्यादाच नाहीत.

प्रश्न : मुलगी १९ वर्षांची, वजन ५० किलो. रोज ८ किलोमीटर पळते, रात्री एकच भाकरी खाते. चार महिने पाळी आलेली नाही. ‘फिट असल्यावर असं होतं’ म्हणते. (कोल्हापूर)

उत्तर : ताई, हे फिटनेसचं लक्षण नाही, उपासमारीचं असू शकतं. रोजच्या खाण्यातून पळण्यात जेवढं खर्च होतं ते वजा जाता उरलेल्या कॅलरी चरबी सोडून असलेल्या वजनाच्या दर किलोमागे ३० च्या खाली गेल्या, की शरीर पाळी बंद करू शकतं. हिशेब करून बघा. चरबी २२ टक्के धरली तर उरतात ३९ किलो, त्याचे ११७०. ८ किलोमीटर पळण्याचे सुमारे ४००. म्हणजे १५७० च्या खाली धोकाच, आणि नीट चालायला, किलोमागे ४५ धरून, २१५० च्या आसपास हवेत. इस्ट्रोजेन घटलं की हाडं ठिसूळ होतात, आणि ती झीज पूर्ण भरून येईल याची खात्री नसते.

तीन महिने उलटून गेलेत, तेव्हा याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. गर्भधारणा, थायरॉइड, प्रोलॅक्टिन (एक संप्रेरक) आणि फेरिटिन (लोहाचा साठा) या तपासण्या होतील. पाळी आणण्यासाठी नुसत्या गोळ्या सुरू करून घेऊ नका. गोळ्यांनी रक्तस्राव येतो आणि मूळ कारण झाकलं जातं. तोवर पळणं निम्म्यावर, पळण्याआधी केळं, आल्यावर तासाभरात शेंगदाणे घातलेले पोहे आणि दूध किंवा दोन अंडी, आणि रात्री एकीऐवजी दोन भाकऱ्या, वरणासह.

प्रश्न : हिमोग्लोबिन ९.८ आहे. डॉक्टरांनी लोहाची गोळी दिलीय. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर व्हिटॅमिन सीमुळे व्यायामाचा फायदा जाईल का? (सोलापूर)

उत्तर : नाही, लिंबात ते फार थोडं असतं आणि लोह शोषायला मदतच होते. वेळ मात्र पाळा. व्यायामानंतर तीन ते सहा तास हेप्सिडिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं आणि ते लोहाची वाट अडवतं. म्हणून गोळी सकाळी उपाशीपोटी, व्यायामाच्या आधी किंवा संपल्यावर लगेच. चहा त्यानंतर निदान तासाभराने. तुमची गोळी मैत्रिणीला ‘शक्तीसाठी’ देऊ नका: गरज नसताना साठलेलं सुटं लोह स्वतःच फ्री रॅडिकल्स तयार करतं.