दहा हजारांत कॉमिक्सचं डिजिटल पेंटिंग जमेल का?

तुम्ही लिहिलंय, 4 जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे, खिशात दहा हजार आहेत; कोणता टॅब्लेट घेऊ, की आयपॅडसाठी वर्षभर थांबू? थांबू नका. ‘थांब’ हेच आमच्या दाजींकडून ऐकत आलोय, म्हणून लिहायला बसलो.

परभणीत फ्लेक्सच्या दुकानात कामाला होतो, तेव्हा एका दिवाळी अंकासाठी आठ पानांची चित्रकथा मिळाली. दाजी म्हणाले, "आयपॅडशिवाय हे काम होत नसतंय. उगं हसं करून घेशील." मी हट्टाने सेकंडहँड लॅपटॉप, क्रिटा हे चित्रं काढायचं फुकटचं सॉफ्टवेअर आणि स्क्रीन नसलेला पेन टॅब्लेट (पेन पाटीवर फिरवायचं, रेघ लॅपटॉपवर उमटते) घेऊन बसलो. पहिलं पान 600 डीपीआयला, म्हणजे इंचाला 600 ठिपके, आणि चाळीस लेयर, म्हणजे एकावर एक चाळीस थर. ब्रश ओढला की रेघ मागून चहा पिऊन यायची. तिसऱ्या दिवशी सेव्ह होत असतानाच लाईट गेली, बॅटरी नावालाच. फाईल परत उघडलीच नाही.

मग अक्कल आली. स्केच कागदावर पेन्सिलने, मोबाईलवर फोटो. क्रिटात रेघांचा एक लेयर, खाली सपाट रंगांचा, मधे मल्टिप्लाय मोडवर, म्हणजे खालचा रंग गडद करणारा, सावलीचा. बास. ए4 पान 300 डीपीआयला 2480 बाय 3508 पिक्सेल होतं, तेवढं हा लॅपटॉप ओढतो.

अंक छापून आला आणि पोटात गोळाच आला. संवादाच्या अक्षरांना लाल-निळी सावली, अनुस्वार तर एकाचे दोन. रात्रीचं निळं आभाळ वांग्याच्या रंगाचं. मी सगळं आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत, केलं होतं. छपाईसाठी त्याचं सीएमवायके, म्हणजे निळसर, गुलाबी, पिवळी आणि काळी अशा चार शाया, करताना माझा काळा चारही शायांत वाटला गेला आणि छापताना त्या केसभर सरकल्या. दाजींनी पान उलटलं, एवढंच बोलले, "म्हणलं नव्हतं का?"

अहो, आयपॅडवर केलं असतं तरी हेच झालं असतं! अक्षर आणि रेघ फक्त काळ्या शाईत, के 100 (काळी शंभर टक्के, बाकी तीन शून्य), ठेवायची असते. छापखान्यात आधी एक चक्कर मारायची होती, ती मी मारली नाही. चूक माझी, टॅब्लेटची नाही. हे त्यांना प्रत्येक लग्नात सांगतो; ते जिलेबी वाढून घेतात.

हां, टॅब्लेट. स्क्रीन नसलेला, चार-पाच हजारांचा कुठलाही पेन टॅब्लेट चालतो. हात एकीकडे, नजर दुसरीकडे, म्हणून पंधरवडाभर चिडचिड होईल. उरलेल्या पैशांत रॅम वाढवा, लॅपटॉपमध्ये जागा असली तर. फक्त मोबाईलवर वाचायला टाकणार असाल तर छपाईचं वरचं सगळं सोडून द्या, आरजीबीच बरं.

आयपॅड वाईट नाही. उन्हाळ्यात दुपारभर लाईट नसली तरी तो चालत राहतो, हे मला मान्य आहे. दाजींपुढे मात्र कबूल करणार नाही.