केबल ढिली, गिअर घाईत

प्रश्न: ताई, माझी गाडी १९९१ सालची. पेट्रोल, चार गिअरचं ऑटोमॅटिक, गिअरबॉक्सला कॉम्प्युटर नाही. मागच्या महिन्यात थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) साफ करून घेतली, तेव्हापासून दुसरा गिअर फार लवकर पडतो. पडतो म्हणण्यापेक्षा सरकत सरकत येतो. मध्येच इंजिन क्षणभर मोकळं रेस होतं आणि मग गाडी ओढ घेते. चढावर हे जास्त जाणवतं. एक मेकॅनिक म्हणतो गिअरबॉक्स खोलावा लागेल. दुसरा म्हणतो केबल ताणली की झालं. थ्रॉटलपासून खाली गिअरबॉक्सकडे गेलेली, दोन नट असलेली एक केबल मला दिसते आहे. ती मीच ताणू का?

उत्तर: थ्रॉटल बॉडी साफ केल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंत, पण मला सगळ्या पत्रात तेच कामाचं वाटलं. गिअरबॉक्सच्या आत गिअर पकडून धरणाऱ्या क्लच प्लेटा झिजायला वर्षं लागतात, त्या कुणी थ्रॉटल बॉडी साफ केली त्याच दिवशी झिजत नाहीत. साफ करताना ती केबल सुटली असणार आणि परत लावताना ढिली राहिली असणार. गिअरबॉक्स खोलायचं नाव सध्या काढू नका. मात्र केबल नीट होईपर्यंत चढ आणि जोरात पळवणं, दोन्ही बंद. का ते सांगते.

तुमच्या गिअरबॉक्समध्ये गिअर कधी बदलायचा हे तेलाचा दाब ठरवतो. एका बाजूने गव्हर्नरचा, म्हणजे चाकांबरोबर फिरणाऱ्या एका भागाचा, दाब येतो, तो गाडीच्या वेगाबरोबर वाढतो. समोरून थ्रॉटलचा दाब आणि एक स्प्रिंग असते. हा थ्रॉटलचा दाब तुमच्या पायाबरोबर वाढतो, आणि पायाची खबर खाली पोचवते ती हीच केबल. दोघांच्या मध्ये एक छोटा व्हॉल्व्ह असतो. गव्हर्नर जिंकला की व्हॉल्व्ह सरकतो आणि वरचा गिअर पडतो. केबल ढिली असली की खाली निरोप जातो, ‘पाय हलका आहे’. मग थ्रॉटलचा दाब कमी, गव्हर्नर लवकर जिंकतो, गिअर घाईत पडतो. इथवर फक्त गैरसोय आहे. पण याच केबलवर क्लच दाबून धरणारा दाबही अवलंबून असतो. चढावर इंजिन पूर्ण जोर लावत असताना क्लच मात्र हलक्या पायाच्या दाबाने धरलेले, म्हणजे ते घसरणार. तुम्हाला जे ‘मोकळं रेस’ होणं ऐकू येतं ते हेच. प्रत्येक वेळी प्लेटा थोड्या थोड्या जळतात. जनरल मोटर्सचा १९८२ मध्ये आलेला ७००आर४ हा गिअरबॉक्स याच केबलवर चालतो, आणि केबल न लावता त्यात नुसती चक्कर मारून बघायची नाही, हे त्यावर काम करणाऱ्याला पहिल्याच दिवशी बजावलं जातं.

आता काम. नटाला पाना लावण्याआधी तेल बघा. गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी उभी करा, ब्रेकवर पाय ठेवून सगळ्या गिअरमधून एकदा लिव्हर फिरवा आणि बहुतेक गाड्यांत पी (पार्क) मध्ये, इंजिन चालू ठेवूनच डिपस्टिक काढा. (होंडाच्या गाड्यांत इंजिन बंद करून बघतात. म्हणून तुमच्या गाडीचं मॅन्युअल माझ्यापेक्षा मोठं.) तेल कमी असेल तर पंप हवा ओढतो, तेलात फेस होतो आणि गिअर असाच घसरत येतो. जास्त भरलं तरी फिरणारे भाग ते घुसळून फेसच करतात. डिपस्टिक पांढऱ्या कागदावर टेकवा. लाल किंवा जरा तपकिरी डाग पसरला तर ठीक. काळा डाग, जळका वास आणि बोटाला बारीक कचकच लागली तर केबलला हात न लावता मला परत लिहा.

तेल बरोबर निघालं तर एकाला गाडीत बसवून, इंजिन बंद ठेवून, ॲक्सिलरेटरचं पेडल तळापर्यंत दाबायला सांगा. थ्रॉटलपाशी हाताने लिव्हर फिरवू नका, पेडलच दाबायचं. आणि थ्रॉटल खरंच पूर्ण उघडतो का ते आधी बघा. पेडलखाली मॅट दुमडून बसलेली आणि मालक केबलला दोष देतोय, असं मी इतक्यांदा पाहिलंय की आता पहिल्यांदा मॅटच उचलते.

थ्रॉटल पूर्ण उघडा असताना केबलच्या रबरी टोपीचं तोंड बघा. आतल्या तारेवर धातूचा एक बारीक मणी दाबून बसवलेला असतो. टोयोटाच्या पद्धतीत टोपीचं तोंड आणि हा मणी यांत ० ते १ मिलिमीटर अंतर हवं. तुमच्या केबलची रचना तशीच असेल तर तुम्हाला आत्ता मणी टोपीच्या आतच राहिलेला दिसेल, कारण तार पुरेशी बाहेर येतच नाही. तसं असेल तर दोन्ही नट ढिले करा, बाहेरची नळी सरकवून अंतर जुळवा, नट घट्ट करा आणि पेडल पुन्हा दाबून पुन्हा मोजा. नट आवळताना नळी हमखास हलते. सुरुवात करायच्या आधी नटांच्या जागी रंगाचा एक ठिपका द्या, म्हणजे बिघडलं तर मूळ जागी परत येता येईल. मणी तारेवरून सरकलेला असेल किंवा कुणी नवी केबल मणी न दाबताच बसवली असेल, तर हे मोजमाप खोटं ठरतं. मग मॅन्युअलशिवाय पुढे जाऊ नका.

एवढ्यावर तुमचा गिअर जागेवर यावा. त्यानंतर आपल्या आवडीप्रमाणे एखादा मिलिमीटर इकडेतिकडे करायला माझी हरकत नाही. थोडी ताणली तर गिअर जरा उशिरा आणि घट्ट पडेल. पण एका वेळी एकच बदल करा. त्याच रस्त्यावर, गरम तेलाने, तितक्याच पायाने चालवा आणि पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा तिसरा किती वेगाला झाला ते वहीत लिहा. आठवणीवर विसंबलात तर तिसऱ्या चकरेपर्यंत काय होतं आणि काय केलं, सगळं एक होतं. आणि केबल बरोबर असतानाही घसरत असेल तर ती आणखी ताणून ते झाकू नका. तेव्हा पहिला मेकॅनिक बरोबर होता असं समजा.

प्रश्न: माझ्या जुन्या गाडीत उलटं आहे. गिअर फार उशिरा पडतो आणि पडताना पाठीत बुक्की बसते. केबल कुठे दिसत नाही, गिअरबॉक्सला एक पातळ नळी मात्र जोडलेली आहे.

उत्तर: ती व्हॅक्युमची नळी. ती जिथे जाते तो डबीसारखा भाग म्हणजे मॉड्युलेटर. पाय हलका असताना इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या नळ्यांत) व्हॅक्युम जास्त असतो, पूर्ण दाबला की जवळजवळ नाहीसा होतो. गिअरबॉक्सला पायाचा निरोप असा मिळतो. नळी फुटली की व्हॅक्युम पोचत नाही, गिअरबॉक्सला वाटतं पाय तळाला आहे, आणि तो उशिरा, जोरात गिअर टाकतो. जुन्या डिझेल मर्सिडीजमध्ये इंजिनाचा स्वतःचा व्हॅक्युम नसल्यामुळे पंपाने तो तयार करतात, तिथे नळ्यांचं जाळंच असतं.

अशाच एका गाडीच्या मागे मी दोन दिवस घालवले आहेत. मॉड्युलेटर बदलला, फरक शून्य. शेवटी इंजिन चालू ठेवून नळीवरून बोट फिरवत गेले. मॅनिफोल्डपाशी रबराचा एक छोटा कोपरा होता, वरून अगदी धडधाकट. त्याच्या पोटाखाली बोट गेलं आणि आयडलिंगचा आवाज बदलला. काढून वाकवला तर आतल्या वळणावर नखाएवढी चीर उघडली. एवढ्याशा रबराने दोन दिवस खाल्ले. तेव्हापासून मी मॉड्युलेटरच्या ॲडजस्टमेंटच्या स्क्रूला शेवटी हात लावते.

तुम्ही आधी नळी मॉड्युलेटरकडून काढा. तिच्यात लाल तेल दिसलं तर आतला पडदा फाटलाय आणि इंजिन गिअरबॉक्सचं तेल पितंय. सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि खाली थेंब न सांडता तेल कमी होतं ते यामुळेच. मॉड्युलेटर नवा घाला. नळी कोरडी असेल तर दोन्ही टोकांचे रबर बदला. तरीही बुक्की बसत असेल तर मग स्क्रू, तोही असला तर, कारण सगळ्या मॉड्युलेटरना तो नसतो. अर्धा फेरा फिरवा, चालवून बघा, लिहून ठेवा.

प्रश्न: सकाळी पहिल्यांदा डी मध्ये टाकल्यावर गाडी तीन-चार सेकंद हलत नाही. हे कुठल्या स्क्रूने जाईल?

उत्तर: कुठल्याच नाही. टोयोटाच्या चाचणीत गरम तेलावर एन (न्यूट्रल) मधून डी पडायला १.२ सेकंदांपेक्षा आणि आर (रिव्हर्स) पडायला १.५ सेकंदांपेक्षा कमी वेळ लागायला हवा. मध्ये एकेक मिनिट थांबून तीनदा मोजतात आणि सरासरी काढतात. तुम्हीही गरम तेलावर तसं मोजा. गरम असताना वेळ बरोबर येत असेल तर रात्रभरात कन्व्हर्टरमधलं (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना तेलाने जोडणाऱ्या भागातलं) तेल खाली उतरतंय किंवा आतले सील कडक झालेत. सकाळी एन मध्ये थोडं थांबून मग डी टाका आणि तेलाची पातळी बघत राहा. गरम असतानाही उशीर होत असेल तर दाब मोजून घ्या.

प्रश्न: माझ्या गाडीत ओव्हरड्राइव्हचं (सगळ्यात वरच्या गिअरचं) बटण आहे, सोलेनॉइड (विजेवर चालणारे व्हॉल्व्ह) आहेत आणि थ्रॉटलची केबलही आहे. केबल ताणली तर गिअर उशिरा पडायला लागेल ना?

उत्तर: नाही, फक्त धक्का वाढेल. टोयोटाच्या ए३४०ई सारख्या गिअरबॉक्समध्ये गिअर कधी टाकायचा हे कॉम्प्युटर थ्रॉटलच्या सेन्सरवरून आणि वेगावरून ठरवतो. केबल फक्त तेलाचा दाब वाढवते-कमी करते. वेळच चुकत असेल तर सेन्सरचं व्होल्टेज तपासून घ्या, आणि केबल जिथे आहे तिथे राहू द्या.