दादरहून छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला कसं जायचं? (सोबत वयस्कर आई-वडील)

दादर पश्चिमेहून भुयारी मेट्रो पकडा आणि थेट हुतात्मा चौकाला उतरा. कुठेही गाडी बदलावी लागत नाही, आणि वयस्कर माणसांना लोकलचा दरवाजा आणि पूल दोन्ही टळतात. मी फोर्टात नोकरी करतो, त्या भागात रोजचं जाणं-येणं आहे. स्टेशनातून वर आलात की महात्मा गांधी रस्त्याने काळा घोड्याच्या दिशेने चाला. डाव्या हाताच्याच फुटपाथवर राहा: आधी रस्त्यापलीकडे उजवीकडे डेव्हिड ससून ग्रंथालय दिसेल, मग डावीकडे जहांगीर कलादालन आणि त्याला लागूनच संग्रहालयाचं आवार. झाडांमागे पांढरा घुमट दिसला की पोचलात. आई-वडिलांच्या चालीने पंधरा मिनिटं धरा. फुटपाथवर चित्रकार बसलेले असतात, तिथे जरा थांबलात तर पायांनाही विसावा मिळेल.

मध्य रेल्वेने येणार असाल तर सीएसएमटीला उतरून मेट्रोचं एकच स्टेशन पुढे जा. चर्चगेटहून मात्र टॅक्सीच करा, चालत ते अंतर त्यांना जड जाईल.

एक सांभाळा: टॅक्सीवाल्याला किंवा वाटेत कुणालाही नुसतं 'म्युझियम' म्हणू नका. भायखळ्याला राणीच्या बागेतही डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, त्यामुळे घोटाळा होऊ शकतो. 'काळा घोडा, जहांगीरशेजारी' असं सांगा. जुनी माणसं या इमारतीला अजून 'प्रिन्स ऑफ वेल्स'च म्हणतात, तेही चालेल.